आठ वर्षांचा मुलगा आणि आठवीचं गणित

डोंबिवलीच्या एका आईनं सविस्तर लिहून विचारलं आहे. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. चौथ्या वर्षी आपला आपण वाचायला लागला; आता मावसभावाचं आठवीचं गणिताचं पुस्तक सोडवतो. शाळेनं डबल प्रमोशन सुचवलं आहे. बाबांनी त्याच्या पाढ्यांचे आणि वर्गमुळांचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली, ते नातेवाइकांच्या पलीकडेही बरेच पाहिले गेले. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी तो लोकलनं दादरला क्लासला जातो. गेल्या काही महिन्यांपासून उत्तर चुकलं की वही फाडतो. क्लासच्या दिवशी पोटात दुखतं, आणि डॉक्टरांना पोटात काही सापडलेलं नाही. आईचे प्रश्न चार: चाचणीत आयक्यू १५८ आला, तो खरा मानायचा का? डबल प्रमोशन घ्यावं का? व्हिडिओ चालू ठेवावेत का? आणि आम्ही त्याला मागं खेचलं आणि त्याची बुद्धी वाया गेली तर?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण आधीचे तिन्ही प्रश्न त्याच भीतीतून आलेले दिसतात. मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या आणि समुपदेशन हे माझं मुंबईतलं रोजचं काम. हुशार मुलांचे आईबाप माझ्याकडे येतात ते ‘याला पुढं कसं न्यावं’ हे विचारायला. त्यातलीच काही मुलं बारा-तेरा वर्षांची झाली की पुन्हा येतात, तेव्हा आई सांगते, ‘पूर्वी सगळं यायचं, आता वहीच उघडत नाही.’ या दोन भेटींच्या मधे काय घडतं, ते तुम्हाला आजच कळावं असं मला मनापासून वाटतं.

अशा मुलाचं पहिली आठ-दहा वर्षं कुठंच काही अडत नाही. बाईंचं फळ्यावर लिहून होईपर्यंत याचं उत्तर तयार असतं. बाकीची मुलं याच वर्षांत एक फार मोठी गोष्ट शिकत असतात: आलं नाही की खोडायचं, पुन्हा करून बघायचं, शेजारच्याला विचारायचं, तरीही नाही आलं तर उद्या बघू म्हणून खेळायला जायचं. तुमच्या मुलावर ते शिकायची वेळच आली नाही. मग आठवीच्या पुस्तकात कुठंतरी तो पहिल्यांदा अडतो, आणि तोवर घरात, शाळेत, कॅमेऱ्यासमोर सगळ्यांना त्याला ‘येतंच’ याची सवय झालेली असते. वही फाडली जाते ती इथं. ‘सगळे म्हणतात तसा मी नसेन तर?’ हा धसका आठ वर्षांच्या मुलाला शब्दांत सांगता येत नाही, म्हणून तो पोटातून बोलतो. पोटदुखी खोटी नाही. तिला नाटक म्हणू नका, आणि घरात कुणी म्हणत असेल तर थांबवा.

विक्रोळीहून आलेला एक मुलगा मला आठवतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांनी नक्षी जुळवायचं एक काम काही चाचण्यांत असतं. सुरुवातीच्या नक्ष्या त्यानं बघता बघता जुळवल्या, आणि प्रत्येक वेळी मान वर करून माझा चेहरा पाहिला. मग एक नक्षी आली, तिच्यात ठोकळ्यांच्या कडा दाखवलेल्या नव्हत्या. त्यानं दोन ठोकळे फिरवले आणि थांबला. पुढं त्यानं जे केलं ते फार नीटनेटकं होतं. सगळे ठोकळे ओळीनं डबीत ठेवले, झाकण लावलं, आणि म्हणाला, ‘मला पाणी पाहिजे.’ पाणी पिऊन आला आणि आईला विचारलं, ‘आता घरी जायचं ना?’ वेळ भरपूर शिल्लक होता. नंतरच्या एका भेटीत मी तसेच दुसरे साधे ठोकळे टेबलावर ठेवले, त्याला सांगितलं की आज चाचणी नाही, मार्क नाहीत, आणि पाठ करून कपाटातल्या फायली लावत बसले. अर्धा तास तो त्या ठोकळ्यांत रमला, अवघड नक्षीही त्यानं मोडून-जोडून जमवली. बुद्धी दोन्ही दिवशी तीच होती. दुसऱ्या दिवशी बघणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक.

माझं सगळं उत्तर याच्याभोवती आहे. तुमच्या मुलाला खरोखर अवघड काम हवं आहे, आणि ते करताना अडखळायला, चुकायला बिनप्रेक्षकांची जागा हवी आहे. आज त्याच्याकडे नेमकं उलटं आहे: काम सोपं, प्रेक्षक भरपूर. वर्गमूळ फटाफट सांगणं हे त्याच्यासाठी सोपं काम आहे, ते करताना तो काहीच शिकत नाही.

आता तो १५८ चा आकडा. चाचणी कुठली होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. महाराष्ट्रात आजही अनेक ठिकाणी बिने-कामत चाचणी वापरतात. डॉ. कामतांनी फ्रेंच-अमेरिकन बिने चाचणीवरून मराठी आणि कानडी मुलांसाठी ती तयार केली, त्या काळात ते मोठं काम होतं. पण तिची मानकं जुनी आहेत. विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्धिमापन चाचण्यांवरचे गुण दर दशकाला साधारण ३ या गतीनं वाढत गेल्याचं आढळलं आहे, त्यामुळं अर्ध्या शतकापूर्वीच्या मापानं आजचं मूल मोजलं तर ते सहज १५ गुणांनी वर दिसू शकतं. दुसरं म्हणजे तिथं मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय असा हिशेब असतो. लवकर बोलणाऱ्या-वाचणाऱ्या लहान मुलांचा आकडा त्या हिशेबात फुगतो. नव्या चाचण्यांत समवयस्क मुलांच्या तुलनेत तो कुठं बसतो हे पाहतात, आणि तिथं १५८ फार म्हणजे फार दुर्मीळ. तुमचा मुलगा अतिशय हुशार आहे याबद्दल मला शंका नाही. त्यासाठी आकड्याची गरजही नाही. पण त्या आकड्यावर घराची गणितं बांधू नका.

अमेरिकेत लुइस टर्मन या मानसशास्त्रज्ञानं १९२१ मध्ये उच्च आयक्यूची सुमारे दीड हजार मुलं निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचा प्रकल्प सुरू केला. त्यातली बरीचशी चांगली शिकली, सुखवस्तू झाली. नोबेल मात्र त्यांच्यातल्या कुणाला मिळालं नाही. ज्यांना तपासून, गुण कमी पडले म्हणून वगळलं होतं, त्यांच्यातल्या दोघांना मिळालं: विल्यम शॉकली यांना १९५६ मध्ये आणि लुइस आल्व्हारेझ यांना १९६८ मध्ये. आकडा तेवढंच सांगतो जेवढं त्या दिवशी त्या टेबलावर झालं. माझी विनंती एवढीच की तो मुलाला सांगितला नसेल तर सांगू नका, सांगितला असेल तर पुन्हा काढू नका, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तर मुळीच नको.

चाचणीचा खरा उपयोग वेगळा आहे. तुम्ही सहज लिहून गेलात की त्याचं अक्षर फार वाईट आहे, तोंडी सगळं येतं पण लिहायला बसला की तास घालवतो, आणि शाळेत ‘आळशी’ म्हणतात. हे वाक्य मी दोनदा वाचलं. तीव्र बुद्धी आणि लेखनातली किंवा वाचनातली अध्ययन अक्षमता एकाच मुलात असू शकते, आणि बुद्धी अक्षमतेला इतकी छान झाकते की दोन्हींकडे कुणाचं लक्ष जात नाही. याची तपासणी जरूर करून घ्या. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे आपल्या सायन हॉस्पिटलात, अध्ययन अक्षमतेचं क्लिनिक आहे. निदान झालं तर राज्य मंडळाच्या परीक्षांत सवलतीही मिळतात, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे ‘आळशी’ हा शिक्का पुसला जातो. गणितात राजा आणि लिहिताना गुन्हेगार, असा दिवस काढणाऱ्या मुलानं वही फाडली तर मला नवल वाटणार नाही.

व्हिडिओंबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बंद करा. बाबांना वाईट वाटेल, त्यांचा हेतू प्रेमाचाच आहे हे मला दिसतं. त्यांना नॉर्बर्ट वीनरची गोष्ट सांगा. १८९४ चा जन्म, १८ व्या वर्षी हार्वर्डची पीएचडी, पुढं सायबरनेटिक्स या विद्याशाखेचा, म्हणजे यंत्रांतल्या आणि सजीवांतल्या नियंत्रणाच्या व संदेशवहनाच्या शास्त्राचा जनक. त्याला घरी वडिलांनी शिकवलं. आत्मचरित्रात त्यानं लिहून ठेवलं आहे की बीजगणिताचा तास गप्पांसारखा सुरू व्हायचा आणि पहिली चूक झाली की वडिलांचा सूर एकदम बदलायचा. पण त्याला त्याहून खोल लागलं ते दुसरंच. वडिलांनी नियतकालिकात जाहीरपणे सांगितलं की मुलगा काही जगावेगळा नाही, हे माझ्या शिकवण्याचं फळ आहे. पोरानं ते वाचलं आणि त्याच्या मनानं घेतलं की यश वडिलांचं आणि अपयश तेवढं माझं. हा माणूस पुढं जगन्मान्य गणिती झाला, तरी पन्नाशी उलटल्यावर हे लिहावंसं वाटण्याइतकं ते त्याच्या मनात राहिलं होतं. व्हिडिओखाली ‘आईबाबांना सलाम’ लिहिणारे लोक चांगल्या भावनेनं लिहितात. वाचणारा मुलगा त्यातून काय घेतो, याची कल्पना त्यांना नसते.

त्याच सुमारास हार्वर्डात आणखी एक मुलगा होता, विल्यम सिडिस. ११ व्या वर्षी, १९०९ मध्ये तो दाखल झाला. पुढच्या जानेवारीत त्यानं तिथल्या गणितज्ञांसमोर चार मितींच्या आकृत्यांवर व्याख्यान दिलं. वर्तमानपत्रांनी त्याला सोडलंच नाही. मोठा झाल्यावर त्यानं साध्या कारकुनी नोकऱ्या धरल्या, ट्रॅमच्या तिकिटांचा छंद जोपासला आणि आपल्याला एकटं राहू द्या एवढंच मागितलं. १९३७ मध्ये एका मासिकानं त्याला शोधून काढून ‘त्या अद्भुत बालकाचं आज काय झालं’ छापाचा लेख लिहिला. तो कोर्टात गेला आणि खासगीपणाचा दावा १९४० मध्ये हरला, कारण एकदा जगासमोर आलेल्या माणसाबद्दल लोकांना कुतूहल असणारच, असा कोर्टाचा रोख होता. १९४४ मध्ये, ४६ व्या वर्षी तो गेला. या गोष्टीवरून ‘हुशार मुलं वेडी होतात’ असा निष्कर्ष काढणारे लोक भेटतात. तो चुकीचा आहे. बहुतेक हुशार मुलं मोठी होऊन छान जगतात. मला त्यात दिसतं ते असं की आठव्या-दहाव्या वर्षी लावलेली प्रसिद्धी काढून टाकण्याचा अधिकार मुलाकडे उरत नाही. तेव्हा एक लेख होता. आता व्हिडिओ वर्षानुवर्षं राहतात, आणि नववीतली पोरं ते शोधून काढून वर्गात दाखवतात.

आपल्याकडेही काही वेगळं नाही. २०१६ च्या जानेवारीत कल्याणच्या मैदानावर एका शाळकरी मुलानं एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. तुमच्या घरापासून दोन स्टेशनांवरची गोष्ट, तुम्हाला आठवत असेल. पुढं धावा आटल्या तेव्हा त्याला मिळत असलेली शिष्यवृत्ती आता नको, असं वडिलांनीच कळवलं. मला त्या वडिलांबद्दल आदर वाटतो.

मुंबईतलंच एक जुनं उदाहरण मी पालकांना नेहमी सांगते. शिवपुत्र कोमकली हा मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब तशाच गायचा. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याला लहानपणीच मिळाली, गावोगाव जलसे झाले, लोक थक्क व्हायचे. तो अकरा-बारा वर्षांचा असताना मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांच्या संगीत विद्यालयात आला. देवधरांच्या हाती दोन पर्याय होते. त्या चमत्काराला आणखी मिरवता आलं असतं. त्यांनी त्याला विद्यार्थी केलं. इतर मुलांसारखा सूर, स्वर, रागाची मांडणी. दुसऱ्याची नक्कल जिथं संपते तिथून पुढचं शिक्षण. आपण आज ज्या कुमारजींना ओळखतो ते हुबेहूब नकलेसाठी नव्हेत, कुणासारखं न गाण्यासाठी. तुमच्या मुलाचे पाढे आणि वर्गमुळं हे अजून रेकॉर्ड ऐकून गाणं आहे. त्याला देवधर हवेत.

घरात आजी म्हणतात ना, ज्ञानेश्वरांनी एवढ्याशा वयात ज्ञानेश्वरी लिहिली? त्यांच्याशी वाद घालू नका. फक्त एवढं सांगा की त्यांनाही निवृत्तिनाथांसारखा गुरू घरातच मिळाला, आणि बरोबरीनं विचार करणारी भावंडं मिळाली.

शाबासकी कशी द्यायची, यावर १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी कोलंबिया विद्यापीठातून प्रसिद्ध केलेले प्रयोग आहेत. पाचवीच्या वयाची मुलं, सोप्या कोड्यांनंतर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘छान कष्ट घेतलेस’. मग सगळ्यांना अवघड कोडी दिली. हुशारीची शाबासकी मिळालेली मुलं लवकर खचली, पुढं सोपंच काम मागू लागली, आणि त्यातल्या अनेकांनी आपले गुण दुसऱ्यांना सांगताना वाढवून सांगितले. या विचारावर उभ्या राहिलेल्या पुढच्या कार्यक्रमांचे परिणाम तितके ठळक आले नाहीत, तेव्हा नुसती वाक्यं बदलून मूल बदलेल असं मी म्हणणार नाही. पण ‘हुशार’ हा शब्द घरात दिवसातून किती वेळा उच्चारला जातो ते एक आठवडा ऐका. त्याऐवजी त्यानं काय केलं त्याबद्दल विचारा: ‘हे तुला कसं सुचलं? आधी काय करून पाहिलंस?’

डबल प्रमोशन. इथं माझं उत्तर कदाचित अपेक्षेपेक्षा वेगळं असेल. ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणिती बुद्धीच्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. त्यातून आणि नंतरच्या बऱ्याच संशोधनातून असं दिसलं आहे की नीट विचार करून पुढं नेलेल्या मुलांचं भावनिक नुकसान होत नाही. उलट कंटाळून बसवून ठेवण्याचा तोटा जास्त. म्हणजे डबल प्रमोशन म्हणजे पाप नव्हे. पण तुमच्या मुलाच्या बाबतीत मी यंदा नको म्हणेन. तिसरीतून पाचवीत गेल्यानं त्याची आठवीच्या गणिताची भूक भागत नाही, कारण पाचवीचं गणितही त्याला सोपंच. आणि लिहिण्याचा जो विषय आत्ता जड जातोय, तो एका वर्षात दुप्पट होईल. दोन्ही बाजूंनी घाटा. पोटदुखी चालू असताना आणि तो स्वतः जायला उत्सुक नसताना तर नकोच. पुढचा हिशेबही ध्यानात ठेवा: वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा लहानपणी वाचवलेलं वर्ष नंतर घरी बसून काढावं लागू शकतं.

त्याऐवजी शाळेकडे एका विषयापुरती मोकळीक मागा. टेरेन्स ताओ या ऑस्ट्रेलियात वाढलेल्या गणितज्ञाचं उदाहरण शाळेला सांगता येईल. १९८६ मध्ये, १० व्या वर्षी त्याला आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचं कांस्य मिळालं, १९८८ मध्ये सुवर्ण. २००६ मध्ये फील्ड्स पदक, गणितातला फार मोठा सन्मान. इतक्या असामान्य मुलालाही आईवडिलांनी सगळ्या विषयांत सरसकट उडी मारायला लावली नाही. गणितासाठी तो मोठ्यांच्या वर्गात जायचा आणि बाकी विषय त्या त्या वेगानं. विद्यापीठात त्याला प्रत्यक्ष गेला त्याहून कितीतरी लवकर घालता आलं असतं, ते घाई न करता थांबले. आणि गणितात काम करायला अलौकिक प्रतिभा लागते हा समज ताओ स्वतः आज खोडून काढतो. चिकाटी, चांगले प्रश्न आणि सोबती लागतात, असं त्याचं म्हणणं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही विशेष प्रतिभेच्या मुलांना नेहमीच्या अभ्यासापलीकडचं काम द्यावं असं म्हटलं आहे, तेव्हा मुख्याध्यापकांशी बोलताना त्याचा आधार घ्या. गणिताच्या तासाला त्याला मागच्या बाकावर वेगळं काम करू द्यावं, आणि ते काम कुणी तपासून मार्क देऊ नयेत. एवढं मिळालं तरी पुष्कळ.

दादरचा क्लास सोडा. क्लास वाईट असेल असं नाही, पण गर्दीच्या गाडीनं जाऊन रात्री नऊला घरी येणारं आठ वर्षांचं मूल झोपेला मुकतं. या वयाला ९ ते १२ तास झोप लागते, आणि ज्याला तुम्ही चिडचिड म्हणताय त्यातली काही तरी अपुरी झोपच असणार.

‘मग अवघड काम आणायचं कुठून?’ घरातून सुरुवात करता येते. त्याला बुद्धिबळाचा पट द्या आणि विचारा, यावर चौरस किती? तो लगेच ६४ म्हणेल. म्हणा, मोठे चौरसही धर की: दोन बाय दोनचे, तीन बाय तीनचे, अख्खा पट. आता तो अडेल. उत्तर सांगू नका, घाईही करू नका. कधीतरी त्याला सुचेल की आधी छोटा पट घेऊन बघावा. दोन बाय दोनच्या पटावर ५. तीन बाय तीनवर १४. चारवर ३०. मग त्याला या आकड्यांत काहीतरी दिसेल आणि २०४ पर्यंत तो आपल्या पायानं जाईल. हे एका संध्याकाळी व्हायची गरज नाही, चार दिवस लागू देत. आणि झाल्यावर विचारा, पट चौरस नसून आयत असता तर? फटाफट आकडेमोड आणि गणित यांतला फरक या एका कोड्यात पुरेपूर आहे. बाबांना कॅमेरा ठेवून द्यायला सांगा आणि त्याच्याशेजारी स्वतः दुसऱ्या कागदावर तेच कोडं सोडवायला बसवा. बाबा अडले, खोडलं, ‘छे, चुकलं माझं’ म्हणाले, हे त्या मुलानं पाहणं आत्ता कुठल्याही क्लासपेक्षा मोलाचं आहे.

घराबाहेर म्हणाल तर मुंबईत पैसे न उधळता खूप आहे. टीआयएफआरची, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ‘चाय अँड व्हाय’ ही रविवार सकाळची विनामूल्य विज्ञानसत्रं, जिथं शास्त्रज्ञ बोलतात आणि कुणीही काहीही विचारू शकतं. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय तर तुम्हाला जवळच, १८९३ पासूनचं. तिथं त्याला मोकळं सोडा. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावीत आणि नववीत असते, तिला अजून वेळ आहे. आतापासून तिची पुस्तकं आणू नका. ऑलिंपियाडची निवड आणि प्रशिक्षण मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून चालतं, तीही पुढची गोष्ट. यापेक्षा आत्ता मला त्याच्यासाठी हवा आहे एक मोठा मित्र: कॉलेजात गणित शिकणारा एखादा दादा किंवा ताई, जी आठवड्यातून एकदा येऊन त्याच्याबरोबर कोडी सोडवेल आणि अधूनमधून ‘मला नाही येत हे’ म्हणेल.

बरोबरीचं माणूस ही या मुलांची सगळ्यात मोठी उणीव असते. गिरगावच्या खाडिलकर भगिनींचं नाव तुम्ही ऐकलं असेल: वासंती, जयश्री आणि रोहिणी. वासंतीताई १९७४ मध्ये देशातल्या पहिल्या महिला बुद्धिबळ विजेत्या झाल्या, रोहिणीताई १९७६ मध्ये वयाच्या १३ व्या वर्षी. खेळायला बसलं की समोर घरचंच तगडं प्रतिस्पर्धी. हरलं तर बहिणीशी हरलं, आणि नंतर जेवायला एकत्र. रोहिणीताई पुढं बुद्धिबळ सोडून वृत्तपत्राच्या कामात गेल्या. लहानपणी ज्यात चमकलो तेच जन्मभर केलं नाही तर बुद्धी वाया गेली, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर आठवावं. तुमचा मुलगा उद्या गणित सोडून पक्षी बघायला लागला तरी काही वाया गेलेलं नसेल.

शाळेतल्या मुलांशी त्याचं जमत नाही म्हणता. वयाच्या मुलांबरोबर त्याला क्रिकेट, सायकल, पत्ते असं काहीही खेळू द्या, जिथं तो वर्गातला सर्वांत हुशार मुलगा नसेल. तो हरेल, रडेल. रडू द्या.

एक काळजीची गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नका. पोटदुखी महिनाभरात कमी झाली नाही, शाळेत जायलाच नकार द्यायला लागला, झोप किंवा जेवण तुटलं, स्वतःला मारून घ्यायला लागला, किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काही बोलला, तर लगेच बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा. हुशार मुलं असली वाक्यं इतक्या सहज बोलतात की मोठ्यांना ती पुस्तकातली वाटतात. खरी समजा. रात्री-अपरात्री गरज पडली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा, तिथं मराठीतही बोलता येतं.

आणि ताई, धाकट्या मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे: ‘ती पाच वर्षांची आहे, पण तिला अजून नीट वाचता येत नाही.’ पाचव्या वर्षी नीट वाचता न येणं यात काहीच कमी नाही. त्या घरात ती रोज दादाचं कौतुक ऐकते, त्याच्या क्लासच्या वेळा, त्याचे व्हिडिओ, त्याची पोटदुखी. त्या ओळीतला ‘पण’ तिनंही कधीच ऐकलेला असणार. दादरच्या तीन संध्याकाळी आता मोकळ्या होतील. त्यातली एक पूर्णपणे तिची ठेवा, दादाशिवाय, आणि त्या वेळात तिला वाचायला बसवू नका. काय करायचंय ते तिलाच ठरवू द्या.